साहेबाच्या कपाळावरचं कुंकू

कुंडल, रविवार संध्याकाळ

सभा गाजवणाऱ्यांनो, आपलं दुखणं एकच: घरात आपलं कुणी ऐकत नाही!

माझ्या आईच्या वाढदिवसाला लेकीनं पाचगणीहून शुभेच्छापत्र पाठवलं. त्यावर कोरीव रेघांत छापलेला जुना इंग्रज सेनापती. आत्ता बघतो तर तो देव्हाऱ्याशेजारी, कपाळाला कुंकू लावून! मी भडकलोच. ज्यांच्याविरुद्ध जन्मभर बोललो, त्यांना कुंकू?

"वरडू नगंस. सायेब हाय, दिसतंय की मला," आई म्हणाली. "पर मिशा माज्या बापाच्या, आबांच्या हायत. त्येंचा फोटू कुटं हाय आपल्याकडं?"

नाहीच. एकही नाही.

साहेबाला कुंकू? छे, साहेबाला कुठलं!

वक्त्या, उद्या सकाळी तोंड मिटून त्या मिशांपुढं एक फूल ठेव.