दोन घरांचं लग्न

प्रिय धाकटे,

तुझा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. तुझ्या रंगारीबुवांच्या घरमालकाची लेक संसार घेऊन परत येतेय, महिनाअखेर त्यांना खोली सोडायची आहे, एवढं तू सांगितलंस. आणि मग, भाजी करपली असं सांगावं तशा आवाजात म्हणालीस, "बहुतेक आता एकाच घरात राहू गं. कंटाळा आला लोकांना समजावून." मी नुसतं बरं म्हटलं. खरं सांगू? पहिल्यांदा मला गार वाटलं. म्हटलं, आली एकदाची बाई रांगेत.

रागावू नकोस. मी जळकुकडी आहे हे तुला फ्रॉक घालायच्या वयापासून ठाऊक आहे. तुझी वेणी माझ्यापेक्षा लांब झाली तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण वेणीचं काय, कापली की संपलं. हे तुझं दोन घरांचं लग्न मात्र इतकी वर्षं माझ्या डोळ्यात खुपतंय.

तुम्ही लग्न केलंत आणि रस्त्याच्या या बाजूला तू, त्या बाजूला तो, असा संसार मांडलात. काय गहजब झाला होता! सगळ्यांना कारण हवं होतं. तो घोरतो का? तो रंगवतो त्या पाट्यांच्या रंगाचा वास तुला सोसत नाही का? भांडलात का? तू आपली एकच सांगत राहिलीस, "आम्हाला असंच आवडतं." तिथेच घोडं अडलं. भांडण असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं, दोन्हीकडून मध्यस्थ धावले असते. पण नुसती आवड म्हटल्यावर कुणाच्या गळी उतरेना. मामा तर विचारत फिरला, हिनं नवरा शेजारी ठेवलाय की शेजारी नवरा केलाय? मीही सगळ्यांबरोबर हसले. सगळ्यांपेक्षा जरा जोरातच हसले.

मग मी तुझ्याकडे राहायला आले ती खेप आठव. तू आत भांडी घासत होतीस आणि दारावर टकटक झाली. मी दार उघडलं तर रंगारीबुवा उभे. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, नखांत मात्र निळा रंग. मी म्हटलं, अहो, या ना आत, स्वतःच्याच घरात उभे काय राहता? तर ते पायपुसण्यावरच थांबले आणि म्हणाले, "घर तिचं आहे, ताई. तिनं म्हटलं की येतो." तू ओले हात पुसत बाहेर आलीस आणि त्यांना बघून अशी लाजलीस की मलाच कुठे बघावं कळेना. इतक्या वर्षांच्या लग्नानंतर! माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तर कहर केलास. ते पुन्हा आले, आणि तू दारातच म्हणालीस, "आज नको. आज मला एकटीला बसायचंय." मी जीव मुठीत धरून बघत राहिले, की आता फुगतील, आता दार आपटतील. ते "बरं, उद्या" म्हणाले आणि शीळ घालत रस्ता ओलांडून गेले. तू खिडकीशी बसून चहा प्यायलीस. काही करत नव्हतीस गं! पुस्तक नाही, विणकाम नाही. नुसती बसली होतीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते जे काही होतं, ते मी तुझ्याकडून ओरबाडून घेतलं असतं.

आता माझं बघ. तुझे भावोजी भला माणूस, त्यात वाद नाही. त्यांच्या भलेपणाचाच तर फास आहे. मी गच्चीत गेले की ते गच्चीत. मी स्वयंपाकघरात की ते पाणी प्यायला. न्हाणीघरात असले की दाराबाहेरून विचारणार, "काय करतेस?" आता न्हाणीघरात माणूस काय करतो! दिवसभर दुकानात मी लोकांचे पडदे शिवते. कुणाच्या निजायच्या खोलीचे जाड, कुणाच्या अभ्यासाच्या खोलीचे पातळ. साऱ्या गावाच्या खिडक्या झाकते, आणि घरी मला तोंड फिरवून बसायला कोपरा नाही. "आज नको" असं मी नुसतं पुटपुटले तरी हे डॉक्टरकडे न्यायला निघतील. म्हणून तुझा राग यायचा. मला मागायचंही सुचलं नाही ते तू सरळ घेऊन बसलीस, आणि वर सुखात राहिलीस. निदान थोडं तरी बिनसायचं होतं तुमचं. मला तेवढंच पुरलं असतं.

तुझी बातमी मी ह्यांना जेवताना सांगितली. वाटलं, म्हणतील, बरं झालं, सुटले. तर हे घास हातात धरून म्हणाले, "अरेरे." मी विचारलं, तुम्हाला कशाला अरेरे? म्हणाले, "छान होतं ना त्यांचं." बस, एवढंच. पुढे ते जेवत राहिले आणि मी ताटाकडे बघत राहिले. म्हणजे हेही इतकी वर्षं तिकडेच बघत होते. तुझ्यावर जळायचा मक्ता माझ्या एकटीचा आहे असं मी समजत होते, तोही गेला!

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जाड कापडाचा एक उरलेला तुकडा आणला आणि माझ्या शिलाई मशीनच्या कोपऱ्याला आडवी दोरी बांधून पडदा लावला. कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी आत बसले होते, शिवत नव्हते, नुसतीच बसले होते. ह्यांची पावलं आली आणि पडद्यापाशी थांबली. पडद्यावर टकटक करता येत नाही, म्हणून बिचारे खाकरले. मी "आज नको" म्हणणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खाकरण्यानं मला इतकं हसू फुटलं की "या" म्हणून बसले. पुढच्या वेळी म्हणेन.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. आईनं मला कामाला लावलंय. म्हणाली, "तुझं ऐकते ती. आता संधी आली आहे, तर समजाव, म्हणावं माणसासारखे एका छपराखाली राहा." मी हो म्हटलं आणि त्यासाठीच लिहायला बसले होते. पण ते माझ्या हातून होणार नाही. तू ज्या चष्म्याच्या दुकानात काम करतेस, त्याच्या वरची खोली खोक्यांनी भरून पडली आहे, ती मी आले होते तेव्हाच बघून ठेवली होती. जळणाऱ्याची नजर कुठेही जाते. आज रंगारीबुवांसाठी तुझ्या मालकाला फोन केला. खोकी हलवून द्यायला तो तयार आहे. तुझ्या दारापासून आत्तापेक्षा चार पावलं लांब पडेल, पडू दे, रंगारीबुवांना शीळ घालायला रस्ता जास्त मिळेल. दाराची कडी सैल आहे म्हणे, ती बदलून घ्या, पण घंटी तेवढी बसवू नका. आईला काय सांगायचं ते मी बघते. तू फक्त लोकांना समजावणं सोड, आणि एका घरात जाऊ नकोस. तूही सगळ्यांसारखी राहायला लागलीस, तर मी जळायचं कुणावर?

तुझीच,
जळकुकडी ताई