भ्यालेल्या टायपिस्टबाईची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय सदुसष्ट, अविवाहित, धंदा कोर्टाबाहेर बसून कागद टाइप करणे, ही निरवानिरव पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. या ठिकाणी ‘शांत व निर्भय मनाने’ असे घालायची पद्धत आहे. जन्मभर लोकांच्या कागदांत मी ते घातले. स्वतःच्या कागदात खोटे कशाला लिहू? मी घाबरले आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "भूल दिली की तुम्हाला काहीच कळणार नाही." बिचारे धीर द्यायला म्हणाले. काहीच न कळणे, याचीच तर धास्ती आहे.

कलम एक. माझ्या राहत्या दोन खोल्या, आतील सामान, टाइपरायटर आणि दवाखान्याचे भागवून बँकेत जे उरेल ते माझ्या पुतणीला मिळावे. पोरी, नळ हळू पिळ, जोर केलास तर हातात येतो. लग्न कर, नको करू, पण या खोल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करू नकोस. गोड बोलणारा तर मुळीच जवळ करू नकोस.

कलम दोन. शेजारी बसणाऱ्या घड्याळजीला काहीही देत नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर सही चालते आणि वाटा जातो, असा कायदा आहे. त्याचा डोळा माझ्या छत्रीवर होता. ती मी आजच त्याच्या हातात दिली.

कलम तीन. हा कायदा मला दादाने शिकवला. आईने अर्धे घर माझ्या नावावर लिहिले, तेव्हा दादा प्रेमाने म्हणाला, "साक्षीदार म्हणून तूच सही कर. घरच्या माणसाची बरी." मी केली. आई गेल्यावर वकिलाने कागद वाचला आणि माझा वाटा गेला. दादा म्हणाला, "काळजी कशाला करतेस? तू आहेस तोवर माडीवरची खोली तुझीच." वर्षाच्या आत तिला त्याचे कुलूप लागले. मग मी टायपिंगच्या वर्गात नाव घातले. तर दादावरचा राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर संपावी. पुतणीला तर ती मुळीच मिळू नये, कारण तो तिचा बाप आहे आणि तिच्याशी तो बरा वागतो.

कलम चार. माझा जीव. वकीलसाहेबांनी हे कलम काढायला सांगितले. म्हणाले, जीव स्थावरही नाही आणि जंगमही नाही. मी काढलेले नाही.

काल आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते. मी त्यांना तोंडावर विचारले, "देवाने अब्राहामाला अख्खा देश द्यायचं वचन दिलं. तो मेला तेव्हा त्याचं म्हणावं असं काय होतं? बायकोला पुरायची जागा, तीही रोख मोजून घेतलेली. त्याची ही गत, मग माझं काय?"

"वचन त्याच्याबरोबर मेलं नाही, बाई. ते त्याच्या वंशालाही होतं. जन्माला न आलेल्यांची सोय कागदात करता येते ना?"

"येते. रोजच करते."

"त्याच वंशात प्रभू जन्मला. त्याच्यामुळे तुम्ही वारस."

पुढचे मला त्यांनी सांगावे लागले नाही, ते माझ्या धंद्यातलेच आहे. करणारा मेल्याशिवाय मृत्युपत्राला जोर येत नाही. प्रभू मेला, तिथे कागद लागू झाला. आणि तिसऱ्या दिवशी उठून तो वाटणीला स्वतःच उभा राहिला, भावांवर सोपवली नाही. इतका पक्का कागद मी कधी टाइप केलेला नाही. तरी माझी भीती गेली नाही.

मी विचारले, "तुम्हाला मरणाची भीती वाटते का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वाटते."

"मग उपासनेत एवढं गरजून कशाला सांगता?"

"गरजून सांगितलं की मलाही ऐकू येतं."

इतकी वर्षे त्यांचे उपदेश ऐकले, पण त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो काल.

सबब, माझा जीव मी देवाच्या हवाली करते. माझ्या आधी होऊन गेलेल्यांना त्याने शब्द दिला आहे, त्या शब्दावर करते. भूल दिल्यावर मला त्याला धरून ठेवता येणार नाही, त्यानेच मला धरावे. दादासारखे करू नये. त्याने सोडले तर दाखवायला माझ्याकडे दुसरा कागद नाही.

खालची रिकामी जागा आडव्या रेघा मारून बंद केली आहे.

स्थळ: माझी मागची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार

लिहून देणार: (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. घड्याळजी
२. पाळक

साक्षीदारांचा शेरा, घड्याळजीच्या हातचा: बाईंना उत्तम लिहिता-वाचता येते. हात फार कापत होता, सही होईना, म्हणून अंगठा घेतला. अंगठा पाळकसाहेबांनी धरला होता. त्यांचाही हात कापत होता, त्यामुळे ठसा जरा फिसकटला आहे. तो बाईंचाच आहे.