राखून ठेवलेलं रानबोर

थोरल्या,

तुझी कलमी बोरं यंदा अंड्याएवढी झाली आहेत. मारादीच्या बाजारात बायका ओरडून विकतात. मी हरलो, असं समज.

पण कोपऱ्यातलं शेवटचं रानबोर छाटून त्यावरही तू कलमाचा डोळा भरायला निघालास, तेव्हा मी आडवा आलो होतो. "मेल्यावर याच झाडाचा पाला टाकून मला आंघोळ घालायची. तुझ्या त्या परदेशी बोरीचा पाला मला नको!"

"बाबा, तुम्ही कुठले मरताय एवढ्यात? झाडच आधी वाळेल," असं म्हणून तू हसलास. झाड राहिलं, आणि तू लिबियाला कमवायला निघालास.

परवा तुला घेऊन गेलेल्या ट्रकवाल्याचा भाऊ आला होता. वाळवंटात गाडी बंद पडली, पाणी संपलं, सगळ्यांना तिथेच पुरलं, एवढंच सांगून तो खाली बघत बसला. मशिदीच्या मालमनी जनाज्याची नमाज पढवली, माणसं घरी गेली.

तुझ्या आईनं मात्र रानबोराचा पाला ओरबाडून आणला आणि पाण्यात उकळला. मी म्हटलं, "अगं, आंघोळ घालणार कुणाला?" पाणी कोमट झाल्यावर ती ते घेऊन तू कलम केलेल्या पहिल्या झाडापाशी गेली आणि लहान पोराच्या डोक्यावर ओततात तसं बुंध्यावर हळूहळू ओतू लागली. आपल्यात आईबाप पहिल्या पोराला नावानं हाक मारत नाहीत. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तशी हाक मारली, सगळ्या शेजाऱ्यांसमोर.

"लावाली, डोळे मिट हं बाळा."

तुझा,
बाबा