सुटला म्हणू नको, निर्दोष म्हण

चि. काकासाहेब,
जालन्याहून तुझ्या मायचा आशीर्वाद. म्हैस व्याली का?

कंपनीतल्या बियाण्याच्या चोरीच्या केसमध्ये तुझा लेक माऊली काल कोर्टात निर्दोष ठरला. गावात "सुटला" म्हणून सांगू नको. केलेला माणूस सुटतो. ह्यानं काही केलंच न्हाई.

वंदना सूनबाईला पेढे वाटू देऊ नको. कशाचे पेढे? नेहमीसारखी भाकर टाक म्हणावं.

पोरगं जेवतंय बराबर. फक्त सारखं विचारून राह्यलं, "आजे, बाबांना पटलं का गं?" मी म्हणलं, तुझ्या बापाला पटतं, पण उशिरा.

रविवारी मंठ्याला येतोय आम्ही. तू स्वतः स्टँडवर ये अन् लेकाला भर बाजारातून घरी ने. कोर्टात एकदाबी आला न्हाईस, ते मंग विसरते मी.

तुझी माय,
उषाबाई