तीन दुपारी न सुटलेला वारा

प्रिय ताई,

रक्ताचं नातं नसताना तुला ताई म्हणायची सवय प्रयोगशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात लागली. ती मोडत नाही, म्हणून हा मायना. बाकी सध्या वाटते ती किळस. नेमकी कशाची, ते क्रमाने सांगते.

तू कायमच्या नोकरीवर गेल्यावर, नवीन मुलींना आपल्या शोधनिबंधातला आलेख समजावायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. तू शिकवलंस तसंच सुरू केलं. एक कृष्णविवर, शेजारी एक तारा. ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. भोवती फिरत त्याची तबकडी होते. ही तबकडी अधूनमधून भडकते. भडका सुरू होताना तिची आतली कड विवरापासून लांब असते आणि दोन्ही बाजूंनी झोत निघत असतात, ते रेडिओ लहरींत दिसतात. मग कड आत सरकते, क्ष-किरण मवाळ, म्हणजे कमी ऊर्जेचे, होतात, झोत शेवटचे एकदोन गोळे भिरकावतो आणि विझतो. तू म्हणायचीस, गिळणं वाढलं की थुंकणं थांबतं. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आपला दावा असा, की कड सगळ्यात आत पोचली त्याच दिवशी झोत विझला. एकीने विचारलं, मग पुढचे तीन दिवस रिकामे का? मी तुझंच उत्तर दिलं: वाऱ्यामुळे नोंदी बाद. आणि जीभ अडखळली. त्या तिन्ही दुपारी रेडिओ दुर्बिणीच्या डिशवर ड्यूटी माझी होती.

नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलंय, ‘वारा नाही’. तरी डिश फिरवणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, बाई, त्या आठवड्यात माझी टोपीसुद्धा हलली नाही, घामाने डोक्याला चिकटली होती. आणि खरंच वारा सुटला असता, तर मामांनी डिशचं तोंड सरळ वर करून ब्रेक लावले असते. तिला आपली विवर-ताऱ्याची जोडी दिसलीच नसती. पण तिन्ही दिवसांच्या फायलींत तिचा रेडिओ उजेड आहे, रोज थोडा मंद होत जाणारा; म्हणजे झोत त्याच दिवशी विझला, हा आपला दावाच डळमळतो. खोटं कारण शोधताना एवढंही तुझ्या लक्षात आलं नाही? हा नियम मला तूच शिकवला होतास.

सगळ्यात घाण वाटते ती याची, की गरजच नव्हती. तो उजेड कदाचित झोताचा नसेलही. आधी भिरकावलेले गोळे लांब जाऊन चमकत असतील. तसं एक वाक्य लिहिलं असतं तर भागलं असतं. पण नोकरीच्या मुलाखतीला आलेखात धुतल्यासारखी रेषा हवी होती, म्हणून तीन बिंदू गिळलेस.

मला ताप होता तेव्हा तू माझी ड्यूटी केलीस, सूप घेऊन खोलीवर आलीस. नोंदवहीत मात्र स्वतःचंच नाव लिहिलंस. एकीच्या नावावर दुसरीने बसायचं नाही, म्हणालीस. ती बाई कुठे गेली?

आणि मी तरी कुठली धुतल्या तांदळासारखी! मसुदा वाचताना ती फट मला दिसली होती. निबंधावर दुसरं नाव माझं होतं. मी स्वल्पविराम तपासले आणि ‘छान’ लिहून परत पाठवला. आरशासमोर दात घासताना हल्ली मान खाली घालते.

तर, तुझ्या चिठ्ठीचं हे उत्तर. दुसऱ्या गटाने त्या तीन दिवसांत उजेड पाहिला, म्हणून आपला निबंध छापणाऱ्या मासिकाने नोंदवहीचं पान मागितलं आहे, हे तुझ्याकडूनच कळलं. ‘नाही’ या शब्दावर एक रेघ मार, शाई तीच आहे, धाकटीने ताईसाठी एवढं करावं, असं तू लिहिलंस. रेघ मारलेली नाही. पान आहे तसं शुक्रवारी पाच वाजता जाईल, मसुद्यातली फट मला दिसली होती या कबुलीसकट. त्याआधी तू स्वतः मासिकाला लिहिलंस, तर दोघींची पत्रं एकाच पाकिटात घालीन. पाचपर्यंत मी टेबलापाशीच आहे.

तुझीच, अजून तरी,
धाकटी