बांगडीचा गोल

सर, तुमचं कपाट परवा उघडलं. चावी कधी सापडलीच नाही म्हणून ते इतकी वर्षं तसंच होतं, शेवटी कुलूप तोडलं, असं तुमच्या मुलीनं काल फोनवर सांगितलं. "ताई, तुमच्या पावत्या निघाल्यात की. मागं नुसते गोलच गोल. कोपऱ्यात तुमचं नाव हाय. दोन-चार कोऱ्याच राहिल्यात."

कसल्या पावत्या, हे मला विचारावं लागलं नाही. माझे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्यांच्या रद्द पावत्यांचे गठ्ठे ते तुम्हाला आणून द्यायचे आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही अख्ख्या वर्गाकडून सराव करून घ्यायचात. नव्या कागदावर पोरांचा हात आखडतो, म्हणायचात. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग गोल. पट्टी नाही, कंपास नाही. तुम्ही बाकांमधून फिरताय, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं माझ्या रेघेवर टकटक करताय. "ही बघा बाईसाहेबांची रेघ. चोरून ऊस मोडायला निघाल्यावानी चाललीय. कुनी बघतंय का म्हनून थांबती, पुन्हा चालती." वर्ग हसतो, मीही हसते. तुम्ही नवी पावती पुढं सरकवता. "अजून एक."

त्या संध्याकाळी घरी दहा गोल काढायचे होते. नऊ काढले, नऊही बटाट्यासारखे. आई भाकरी थापायला बसली होती आणि तिनं काढून ठेवलेल्या बांगड्या फळीवर होत्या. त्यातली एक मी पावतीवर ठेवली आणि आतून पेन्सिल फिरवली. इतकंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती पावती वर धरलीत. बराच वेळ बघत राहिलात. "याला म्हनायचं गोल," म्हणालात आणि खडू माझ्या हातात दिलात. "ये, फळ्यावर काढून दाखव." मी फळ्यापर्यंत गेले. म्हणाले, "हात दुखतोय, सर." तुम्ही खडू परत घेतलात. "बरं. दुखायचा थांबला की ये."

मी आले नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या जादा तासाला माझी जागा खिडकीजवळ रिकामी असायची, हे मैत्रिणी सांगायच्या. बाजारात भेटलात की तुम्ही विचारायचात, "काय गं, हात कसा हाय?" मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. पुढं नगरला वर्तमानपत्रात लागले. तुम्ही गेल्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. अनेक विद्यार्थ्यांना घडवलं, असं त्यात लिहून पान छपाईला सोडलं. अंत्यविधीला आले नाही.

आता निवृत्त झाल्यावर रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जाते. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काकू, मनगटातून नको, खांद्यातून फिरवा. पेन्सिल इतकी गच्च धरू नका," असं अगदी मायेनं सांगते. चुकलं की हसत नाही. तिचं सगळं बरोबर आहे, तरी मी टकटक ऐकू येईल म्हणून थांबते. कुणीतरी माझ्या रेघेची थट्टा करावी, असं फार वाटतं, सर.

फोन ठेवता ठेवता तुमची मुलगी म्हणाली, "एका पावतीवर आमच्या अण्णांनी पेन्सिलीनं लिवलंय. वाचू?" मी हो म्हणाले. ती अडखळत वाचत गेली. "बांगडीचा. हात बरा झाला की पुन्हा काढून घेणे."

मग तिनं विचारलं, "ताई, हाताला काय झालं होतं हो?" मी म्हटलं, "लहानपणचं काहीतरी."

येत्या रविवारी ती सकाळच्या एसटीनं पावत्या घेऊन येणार आहे. हे पत्र तिला दाखवणार नाही, वहीतच राहील. त्या पावत्यांतली एक कोरी राहिलेली मात्र मागून घेईन आणि तिच्यासमोरच गोल काढीन. तो मिटेल असं नाही. अजून माझी दोन टोकं एकमेकांना चुकवून जातात.

हात दुखत नव्हता, सर.