फोन काढून घेतले, तर तुम्ही आलात

मास्तर, मी पोरांचे फोन काढून घेतो आता. फुटबॉल खेळणारी चौदा-पंधराची पोरं आहेत. मैदानावर आलं की आधी फोन माझ्या कापडी पिशवीत, मग पायात बूट. आणि सराव संपून दूधकट्ट्यावर शेवटच्या पोराचा ग्लास रिकामा होईतोवर पिशवी उघडायची नाही. नियम माझा मी ठरवला, कुठल्या शिबिरात शिकून आलो नाही. पहिल्याच दिवशी गोलकीपर म्हणाला, "सर, आईचा फोन आला तर?" म्हणून सगळ्यांच्या आयांना माझा नंबर दिला. आता ऐन सरावात कुणाची तरी आई मला सांगते, येताना कोथिंबीर घेऊन यायला सांगा. तेही मी न विसरता सांगतो.

हे सगळं कशासाठी, तर तुमच्या त्या कट्ट्यासाठी. समोर म्हैस पिळली जातेय, ग्लासावर फेस आलाय, तुम्ही ओल्या बोटानं फरशीवर रेघा ओढून कोण कुठं चुकला ते दाखवताय, आणि आम्ही दूध प्यायचं विसरून तुमच्या तोंडाकडं बघतोय. तसं एकदा माझ्याकडं कुणी बघावं, एवढीच हाव होती. फोन गेले आणि पोरं खरंच बघायला लागली. पण मागितलं काय? आपल्या संघाच्या तालमीत लावलेल्या तुमच्या फोटोचा विषय काढून एकजण म्हणाला, "सर, तुमच्या मास्तरांचं सांगा की." सांगितलं. समोरचा गोलकीपर पडल्यावर आपला हुकमी फॉरवर्ड हसला म्हणून तुम्ही त्याला भर सामन्यात बाहेर काढलंत, ते सांगितलं. पोरं दूध प्यायचं विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्हीच. रोज घसा मी फोडतो, पण माझा एक किस्सा कुणाला ऐकावासा वाटत नाही.

त्यावर कडी म्हणजे कॉर्नरचं. कॉर्नर लागला की तुम्ही गोलकीपरला चेंडूकडं सरळ तोंड करून खांबाला चिकटवायचात. का, असं मी एकदा विचारलं तर, "तितं हुबा ऱ्हा म्हटलंय न्हवं?" एवढंच उत्तर. तुम्ही गेल्यावर कितीतरी सामने मी गोलामागं उभं राहून पाहिले आणि माझं मी शोधलं, की अंग अर्धं मैदानाकडं वळवून गोलाच्या मध्याजवळ उभं राहावं. चेंडूही दिसतो, मागून येणारा माणूसही. हे माझ्या गोलकीपरला सांगून सांगून थकलो. मान हलवायचा आणि पुन्हा खांबाला जाऊन चिकटायचा. शेवटी वैतागून म्हणालो, "आमचे मास्तर असंच उभं करायचे." गडी लगेच वळला. पुढच्याच सामन्यात त्यानं गर्दीतून उडी मारून कॉर्नर हातात धरला, आणि कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरांचं डोकं लईच चालायचं की, सर." मी दूध प्यायलो. माझी आयुष्यभराची अक्कल तुमच्या नावावर मीच लावली होती.

काल त्याच पोरानं पिशवीत फोन टाकता टाकता हात मागं घेतला. "सर, मास्तर असते तर त्यांनी घेतला असता व्हय फोन?" बाकीची पोरंही थांबली. मी नाही म्हणालो असतो तर पिशवी तिथंच रिकामी झाली असती. मास्तर, तुम्ही कसोटी सामन्याच्या दिवसांत कानाला ट्रान्झिस्टर लावून आमचा सराव घ्यायचात. विकेट पडली की शिट्टी वाजायची आणि आम्ही फाऊल कुणाचा ते शोधत बसायचो. मी म्हणालो, "पहिल्या दिवशीच घेतला असता." फोन मुकाट पिशवीत गेला.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि तालमीत ठेवावं तर पोरं वाचतील. ट्रान्झिस्टरचं कळलं तर नियम मोडेल, म्हणून बोललो नाही, असं मी रात्रीपासून स्वतःला समजावतोय. खरं तर ते ऐकून पोरांनी तुमच्यावर आणखी जीव टाकला असता, तेवढं मला सोसवलं नसतं.